गल्लीचं गटार महापालिकेच्या बजेटात कसं आणायचं

सांगली-मिरज-कुपवाड, कोल्हापूर, लातूर, अकोला, जळगाव किंवा अहिल्यानगर यांच्या आकाराच्या शहरात महापालिकेचं ऑफिस रिक्षाने वीस मिनिटांवर असतं आणि कनिष्ठ अभियंता, म्हणजे सगळे ज्याला जेई म्हणतात तो, बऱ्याचदा कुणाच्या तरी ओळखीचा निघतो. तरीही शंभर मीटरच्या गल्लीत पावसाळी गटार व्हायला सहा-सहा वर्षं जातात. पैसे नाहीत हे कारण खरं असतं, पण अर्धंच. अर्ज जुलैत तुंबलेल्या पाण्यात उभं राहून लिहिला जातो, चुकीच्या टेबलावर पडतो, आणि बजेटच्या याद्या तयार होतात त्या हिवाळ्यात गल्लीत कुणालाच गटाराची आठवण नसते. खालची सगळी मांडणी त्या एका वर्षाच्या चक्राभोवती आहे. उदाहरण गटाराचं घेतलं आहे; रस्ता, पथदिवे किंवा जलवाहिनी असेल तर विभाग बदलेल, पायऱ्या त्याच राहतील.

आधी गल्ली कुणाची ते बघा

इथेच निम्मे अर्ज मरतात. रस्ता महापालिकेच्या ताब्यात नसेल तर त्यावर खर्च टाकायला लेखा विभाग हरकत घेतो, आणि हे कारण अर्जदाराला कुणी लेखी कळवत नाही. तीन शक्यता असतात. रस्ता विकास आराखड्यातला म्हणजे डीपी रोड असेल तर प्रश्न नाही. मंजूर लेआउटमधला असेल तर तो विकसकाने महापालिकेकडे हस्तांतरित केला आहे का, हे नगररचना विभागात लेआउटच्या नकाशावर बघावं लागतं. तिसरी शक्यता गुंठेवारीची, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांच्या कडेला तीच जास्त दिसते. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, मधला रस्ता सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या नावाने. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट नियमित करता येतात आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामंही त्यात आली. गल्लीतली किती घरं नियमित झाली आहेत आणि किती नाहीत याची यादी करा. गुंठेवारी भागासाठी काही महापालिका वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटातलं खर्चाचं वेगळं खातं, ठेवतात. तसं असेल तर अर्जात त्याच लेखाशीर्षाचं नाव घालायचं, ‘बांधकाम’ असं मोघम लिहायचं नाही.

नगररचना विभागातून रस्त्याची स्थिती तोंडी कळली तरी चालेल, पण नकाशाची एक प्रत काढून ठेवा. पुढे ती चार वेळा लागते.

माणसं किती आणि कुठली

पन्नास घरांच्या गल्लीत पन्नास माणसं कामाला येत नाहीत. सात-आठ पुरतात, फक्त ती वेगवेगळ्या कामाची हवीत. सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळात महापालिकेत जाऊ शकणारी दोन माणसं (निवृत्त किंवा दुकान मुलावर सोपवता येणारी), मराठीत सरळ अर्ज लिहू शकणारं एक, टेप धरून मोजमाप घेणारं एक. बांधकामावर काम केलेला गवंडी किंवा सेंट्रिंगवाला गल्लीत असेल तर त्याला आग्रहाने घ्या. पुढे कॉलेजात शिकलेल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आणि बचत गटातल्या किंवा भिशीतल्या दोन बायका, कारण कुणाच्या दारात किती दिवस पाणी थांबतं, कुणाचं सांडपाणी कुठे सोडलंय, कोण कुणाशी बोलत नाही, ही माहिती त्यांच्याकडेच असते.

पहिली बैठक रविवारी संध्याकाळी पाचला घ्या. सकाळी दहाला घेतली तर नळाचं पाणी, स्वयंपाक आणि देवदर्शन यात बायका येत नाहीत आणि मग फक्त पुरुष मिळून ठराव करतात. बैठकीत विषय एकच. गटार, भटकी कुत्री, पार्किंग, समोरच्या हॉलचा डीजे असं सगळं एका अर्जात कोंबलं की तो अर्ज पाच विभागांत फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. दोनशे पानी वही करा: तारीख, हजर माणसांची नावं व सह्या, ठरलेलं काम, कुणी करायचं. झेरॉक्स, स्टॅम्प आणि रिक्षासाठी घरटी पन्नास-शंभर रुपये जमवले तर त्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब लिहा. हिशेब दिसला नाही की तिसऱ्या महिन्यात गट फुटतो, आणि तो गटारावरून फुटत नाही.

व्हॉट्सअॅपवर वेगळा ग्रुप काढा आणि त्यात शुभ सकाळ बंद ठेवा. जुना ‘आपली गल्ली’ ग्रुप वाढदिवसांना राहू दे.

दारापुढची पायरी: खरी अडचण

गटार गल्लीच्या कडेने जातं. कडेला काय आहे? ओटे, पायऱ्या, गाडी चढवायचे रॅम्प, तुळशीवृंदावन, कुठे संडासाच्या टाकीचं झाकण, कुठे किराणा दुकानाची फळी. खुणा टाकायला माणसं आली की यातलं प्रत्येक काढायची वेळ येते आणि ज्यांनी अर्जावर पहिली सही केली तेच अडवतात. ठेकेदाराला हे बरंच असतं. तो ‘स्थानिकांचा विरोध’ म्हणून तेवढा तुकडा सोडतो, आणि मध्ये दहा मीटर तुटलेलं गटार हे न केलेल्या गटारापेक्षा वाईट, कारण वरचं सगळं पाणी त्या दहा मीटरांत येऊन थांबतं.

म्हणून अर्जाच्या आधी घरोघर जाऊन एका कागदावर दर घराचा तपशील घ्या: दारापुढे काय आहे, रस्त्यात किती सेंटिमीटर आलंय, गटार आल्यावर ते काढणार का, आणि सही. नकार देणाऱ्याशी नियमाच्या भाषेत बोलू नका. त्याला विचारा की गाडी कशी चढवणार, आणि उत्तर बरोबर घेऊन जा: त्या जागी गटारावर गाडीचं वजन पेलणारी काढता येण्यासारखी आरसीसी झाकणं कामाच्या अंदाजपत्रकात (जेई करतो त्या खर्चाच्या अंदाजात) धरून घेता येतात. झाकण सुटं हवं, कायमचं ओतलेलं नको. ओतलेल्या स्लॅबखालचा गाळ कुणी काढत नाही. बहुतेक भांडण गाडीचंच असतं. उरलेलं असतं भावाभावांतल्या हद्दीचं, ते आपण मिटवू शकत नाही. तिथे दुसऱ्या बाजूने गटार नेता येतं का ते बघा.

उतार आपणच मोजायचा

जेई पाहणीला येईल तेव्हा तो वीस मिनिटं थांबेल. त्या वेळी आपल्याकडे आकडे तयार असले तर अंदाजपत्रक बरोबर होतं. लागतं काय: तीस मीटरचा टेप, खडू आणि दहा-बारा मीटरची पारदर्शक प्लॅस्टिक नळी, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती. नळीत पाणी भरा, बुडबुडा एकही ठेवू नका, दोन टोकं दोन ठिकाणी धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. प्रत्येक टोकाला पाण्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजलं की फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला चढ-उतार. दर दहा मीटरला असं करत खालच्या टोकापर्यंत जा. ऊन तापायच्या आत उरका, आणि नळी कुणाच्या पायाखाली आली तर तो आकडा टाकून पुन्हा घ्या.

समजा गल्ली शंभर मीटर आणि जवळपास सपाट आहे. गटाराला दोनशेला एक उतार धरला तर दहा मीटरला पाच सेंटिमीटर, शंभर मीटरला पन्नास सेंटिमीटर पडावं लागतं. वरच्या टोकाला ३५ सेंटिमीटर खोल सुरू केलं की खालच्या टोकाला ८५ होतं. आता ज्या मोठ्या नाल्यात ते सोडायचं त्याचा तळ रस्त्यापासून ७० सेंटिमीटरवरच असेल तर? गटाराचा तळ नाल्याच्या तळाखाली जातो आणि पाणी गल्लीतच राहतं. शहरात ‘गटार केलं तरी तुंबतं’ म्हणून जी गटारं दिसतात त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं एवढंच असतं. उपाय कागदावर असतानाच सोपा: सुरुवात कमी खोलीने करणं, उतार थोडा कमी घेणं, किंवा पाणी दुसऱ्या टोकाच्या नाल्याकडे वळवणं.

नदीकाठच्या शहरात एक गोष्ट आणखी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३. सखल भागात त्या आकड्यांच्या आधीच नाल्यातलं पाणी उलटं फिरून गटारांतून वर येऊ लागतं. अशा गल्लीत नुसतं गटार करून पुराचं पाणी थांबणार नाही, तोंडाला झडप लागेल, आणि ते काम नाल्याच्या योजनेतून करून घ्यावं लागतं. हे रहिवाशांना आधीच सांगा. नाहीतर पहिल्याच पुराला तुमच्याच नावाने खडे फोडतील.

फोटो पावसात काढलेले हवेत, म्हणून जून-जुलैत काढून ठेवा. तारीख आणि अक्षांश-रेखांश फोटोवरच उमटवणारी अॅप मोफत मिळतात. पाण्यात उभी केलेली मोजपट्टी, दाराच्या उंबऱ्याशी आलेलं पाणी, तुंबलेलं तोंड आणि संपूर्ण गल्ली: चार फोटो पुरे. चाळीस फोटो जोडले की एकही बघितला जात नाही.

अर्ज

अर्ज आयुक्तांच्या नावे, एक पान, प्रती तीन: एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची, तिसरी थेट संबंधित उपअभियंत्याला. मजकूर साधारण असा:

“विषय: प्रभाग क्र. __ मधील __ गल्ली येथे सुमारे १०० मीटर लांबीचे पावसाळी गटार बांधणेबाबत.
महोदय, वरील गल्लीत ५२ घरे असून पावसाळी पाण्याचा निचरा होण्यासाठी गटार नाही. दर पावसाळ्यात घर क्र. __ ते __ समोर पाणी साचून राहते (छायाचित्रे सोबत). सदर रस्ता मंजूर लेआउट क्र. __ मधील असून नकाशाची प्रत जोडली आहे. गटाराच्या मार्गातील पायऱ्या व रॅम्प स्वतःहून काढून घेण्यास ४७ घरमालकांनी लेखी संमती दिली आहे. रस्त्याच्या पातळ्यांचे दर १० मीटरचे मोजमाप सोबत आहे. गटारे बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. तरी प्रत्यक्ष पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व सन __ च्या अर्थसंकल्पात या कामासाठी तरतूद करावी, ही विनंती.”

यातलं जड वाक्य कलमाचं नाही, संमतीचं आहे. जेईला सगळ्यात मोठी भीती असते ती काम सुरू झाल्यावर होणाऱ्या भांडणाची. ती मिटलेली दिसली की फाईल हलते. नगरपालिका असेल तर कायदा १९६५ चा लागतो आणि अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो.

आवक विभागात गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख तिन्ही आपल्या प्रतीवर घ्या. ‘नंतर या, नंबर टाकून ठेवतो’ म्हणाले तर तिथेच बाकावर बसा, वाद न घालता. आवक क्रमांकाशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही. मग तीन-चार दिवसांनी जाऊन अर्ज कुणाला मार्क झाला ते विचारा. आयुक्त किंवा उपायुक्तांकडून शहर अभियंता, तिथून उपअभियंता, तिथून जेई असा तो खाली येतो. प्रत्येक टेबलाची तारीख वहीत टिपा. सांडपाण्याचं गटार ड्रेनेज विभागाकडे आणि पावसाळी पाण्याचं बांधकामकडे अशी वाटणी काही ठिकाणी असते, आणि दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. तेव्हा दोघांनाही एकाच दिवशी पाहणीला बोलवायची लेखी मागणी करा.

फेसबुकवर आयुक्तांना टॅग करून काम होतं का? कचऱ्याचा ढीग उचलला जातो. गटार होत नाही, त्याला लेखाशीर्ष लागतं.

वर्षाचं गणित

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आयुक्त बजेट स्थायी समितीपुढे ठेवतात, ते साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्याआधी, दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत विभाग आपापल्या कामांच्या याद्या करतात. म्हणजे अर्ज सप्टेंबरअखेर आत गेलेला हवा, पाहणी ऑक्टोबरात, कामाचं अंदाजपत्रक नोव्हेंबरात. जानेवारीत गेलेल्या अर्जाला ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर प्रामाणिक असतं.

बजेटात नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही. पहिले काही महिने मागच्या वर्षीच्या अर्धवट कामांची बिलं भागवण्यात जातात. त्यानंतर तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. पाऊस सुरू झाला की खोदाई थांबते. त्यामुळे निविदा उन्हाळ्यात उघडली नाही तर काम दिवाळीनंतर सरकतं, आणि मध्ये कुठली निवडणूक लागली तर आचारसंहितेत नवे कार्यादेश निघत नाहीत. निवडणुकीचा अंदाज घेऊन कार्यादेश आधी पदरात पाडून घ्या.

महापालिकेकडे पैसा नसेल तर इतर दारं आहेत: जिल्हा नियोजन समितीमार्फत येणारा नगरोत्थानचा निधी, वस्ती पात्र असेल तर दलित वस्ती सुधार योजना, वित्त आयोगाचं अनुदान, आमदार व खासदार स्थानिक विकास निधी. यांतल्या प्रत्येकाला महापालिकेने केलेलं कामाचं अंदाजपत्रक जोडावंच लागतं, म्हणून आमदारांच्या कार्यालयात मोकळ्या हाताने जाऊन उपयोग नाही. पुण्यात २००६ पासून नागरिक थेट आपल्या भागातली छोटी कामं बजेटसाठी सुचवू शकतात, त्याचे ठरलेले अर्ज निघतात. आपल्या शहरात अशी सोय आहे का ते लेखा विभागात विचारा. नसेल तरी मागणी करायला हरकत नाही.

नगरसेवक

जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर महापालिकांत पुन्हा सभागृहं आली. कोल्हापुरात नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं प्रशासक होता, इतरत्रही कमी-अधिक तसंच. त्या काळात लोकांना थेट अधिकाऱ्याकडे जायची सवय लागली, ती मोडू नका. फक्त आता बजेटच्या यादीत काम टिकवायला सभागृहातला माणूसही लागतो.

बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात, आणि प्रत्येक जण बाकी तिघांचं नाव सांगतो. चौघांना एकच पत्र, एकाच दिवशी, प्रत्येकाची पोच घेऊन. चौघांची मिळून एका कागदावर शिफारस मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चार वेगळी शिफारसपत्रं घ्या, पण त्यातलं कामाचं नाव आणि लांबी अक्षरशः एकच ठेवा. एकात ‘गटार बांधणे’ आणि दुसऱ्यात ‘गटार दुरुस्ती’ असलं की ती दोन कामं धरली जातात आणि एक कापलं जातं. नारळ कुणी फोडायचा या वादात पडू नका. गटाने कुणाचा बॅनर लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत वहीत लिहून ठेवलं असेल तर नंतर तोंड वाईट करावं लागत नाही.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट बघून स्मरणपत्र द्या, मूळ आवक क्रमांकाचा संदर्भ घालून. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर लोकशाही दिन. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे आयुक्तांसमोर संबंधित अधिकारी हजर असतात आणि दिलेल्या उत्तराची नोंद होते. न्यायालयात असलेला विषय तिथे घेत नाहीत. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. तक्रारीचा इतिहास सांगत बसू नका, फक्त विचारा: अंदाजपत्रक कुठल्या टेबलावर आहे आणि कधी पूर्ण होईल?

समांतर माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘काम का झालं नाही?’ असं विचारलं की अर्ज फुकट गेला, कारण कायदा माहिती देतो, कारणमीमांसा नाही. असं मागा: “आवक क्र. __ दि. __ या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणी पृष्ठांच्या व पत्रव्यवहाराच्या साक्षांकित प्रती.” टिपणीवरच्या दोन ओळींतून कळतं की अर्ज कुठे आणि कशासाठी अडलाय. मुदत तीस दिवस. नाही मिळालं तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला खूप वेळ लागतो, त्यावर वर्षाचं गणित बांधू नका. त्यापेक्षा २०१८ च्या शासन निर्णयाने दिलेली सोय वापरा: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात महापालिकेत अभिलेख बघायला मिळतात. स्वतः फाईल चाळली की कुठलं पान मागायचं ते नेमकं कळतं.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेश आणि अंदाजपत्रकाची प्रत काम सुरू व्हायच्या आधी मिळवा आणि तिच्यातल्या मापांचा मोठ्या अक्षरातला कागद गल्लीच्या तोंडाशी चिकटवा. रुंदी, खोली, भिंतीची जाडी, काँक्रीटचा दर्जा. मग गवंड्याला आणि दोन बायकांना देखरेखीला बसवा, पाळीने.

हिशेब असा. आतून ४५ सेंटिमीटर रुंद, सरासरी ६० खोल, तळ आणि दोन्ही भिंती १५ सेंटिमीटर. एका मीटरला तळाचं काँक्रीट ०.७५ × ०.१५ म्हणजे ०.११ घनमीटर, भिंतींचं २ × ०.१५ × ०.६० म्हणजे ०.१८. शंभर मीटरला सुमारे २९ घनमीटर. तयार काँक्रीट येणार असेल तर सहा घनमीटरच्या जवळपास पाच गाड्या. जागेवर एम-२० दर्जाचं काँक्रीट १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात कालवणार असतील तर घनमीटरला सिमेंटच्या साधारण आठ गोण्या, म्हणजे एकूण सव्वादोनशेच्या वर. रिकाम्या गोण्या रोज मोजा. दीडशेवर काम उरकलं तर जाडी किंवा सिमेंट, दोन्हीपैकी एक गेलेलं आहे. मिश्रण प्रयोगशाळेत ठरवलेलं असेल तर गोण्या कमी लागू शकतात, तेव्हा ते प्रमाण आधी विचारून घ्या.

चुका ठरलेल्या असतात. खोदल्यावर तळ न ठोकता चिखलावरच काँक्रीट ओततात. पहिल्या पावसात तो भाग खचतो. कामगार सोपं जावं म्हणून मिश्रणात जास्तीचं पाणी घालतात. मिश्रण डाळीच्या आमटीसारखं वाहायला लागलं की थांबवा. तळाचा उतार डोळ्याने धरतात. नळी घेऊन दर दहा मीटरला पाच सेंटिमीटर पडतंय का बघा, तेही तळ ओतण्याच्या आधी. घरांची सांडपाण्याची पाइपं गटारात सोडायला भिंतीत भोक ठेवायचं विसरतात आणि मग महिन्याने छिन्नीने फोडतात, तिथूनच भिंत पहिल्यांदा तडकते. नळाची पाइपलाइन गटारातून आडवी जाऊ देतात. हे कुठल्याही परिस्थितीत चालू देऊ नका, पाण्याचा दाब गेला की गटारातलं पाणी फुटक्या जोडातून नळात येतं. पाइप वर किंवा बाजूने वळवून घ्या, आणि पाणीपुरवठ्याचा माणूस त्या दिवशी हजर हवा.

एप्रिल-मेच्या उन्हात पाणी मारणं सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच होत नाही, कारण ठेकेदाराचा टँकर एकदाच येतो. अशा कोरड्या उन्हात साध्या सिमेंटला किमान दहा दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला चौदा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. गोणपाट भिजवून झाका आणि प्रत्येक घराने आपल्या दारापुढच्या पट्ट्याची जबाबदारी घ्या, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या. हे ठेकेदाराचं काम आहे हे खरंच, पण तडा आपल्या दारात जातो.

सोळा ते तीस घनमीटर काँक्रीटला क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, तीन नमुने घ्यावे लागतात, प्रत्येक नमुन्यात तीन क्यूब. ते आपल्यासमोर भरायला सांगा आणि प्रत्येकावर तारीख कोरून घ्या. अठ्ठावीस दिवसांनंतरचा अहवाल आणि मोजमाप पुस्तिकेची म्हणजे एमबीची प्रत माहिती अधिकारात मागा. एमबीत लिहिलेली लांबी टेपने ताडून बघा. कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही माहिती अधिकाराच्या व्याख्येतच बसतं, हे बऱ्याच कार्यालयांना आठवण करून द्यावं लागतं.

करारात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो किती आणि कधी संपतो ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पहिल्या जोराच्या पावसात छत्री, टेप आणि फोन घेऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना जा. पाऊस थांबल्यावर तासाभराने गटाराच्या तळात कुठे पाणी उभं आहे ते मोजा, फोटो काढा आणि आठवड्याच्या आत शहर अभियंत्याला पत्र द्या, कार्यादेश क्रमांक घालून. आणि पोच घ्या.